रामोजीला जायचंय? आधी परतीची गाडी ठरवा

मागच्या महिन्यात कारखान्यातल्या एका बाईनं विचारलं, "अक्का, हैदराबादच्या रामोजी फिल्मसिटीला जायला काय बरं पडतं, गाडी का रेल्वे?" मी तिला उलट विचारलं, "येताना कशानं येणार?" ती हसली. म्हणाली, "आधी जाऊ तर द्या की!"

हितंच सगळे चुकतात. आम्हीही चुकलो होतो.

मी सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते. घरात तेलुगू, बाहेर मराठी, राहायला पूर्व भागात. आमची निम्मी सोयरीक हैदराबाद आणि करीमनगरकडं. त्यामुळं हैदराबादला जाणं-येणं नेहमीचंच, लग्नं, बारशी, काही ना काही निघतंच. पण रामोजी फिल्मसिटीला मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा वेगळ्या पद्धतीनं. पहिल्यांदा अकरा जण, दुसऱ्यांदा चौघं, तिसऱ्यांदा निम्मे सोलापुरातून आणि निम्मे विमानानं. त्या तीन फेऱ्यांच्या हिशेबाची वही अजून माझ्याकडं आहे. त्या वहीतून सांगते.

आधी नकाशा डोक्यात बसवा. आपल्या मार्केट यार्डापुढून जो हैदराबाद रोड जातो तो राष्ट्रीय महामार्ग ६५. पुण्यातून निघतो, सोलापुरातून जातो, हैदराबाद ओलांडतो, विजयवाड्याकडं वळतो आणि मछलीपट्टणमला समुद्रापाशी जाऊन संपतो. रामोजी याच रस्त्यावर आहे, हैदराबादच्या पलीकडं, अब्दुल्लापूरमेटजवळ. म्हणजे घरातून निघून नाक समोर ठेवून चालत राहिलं तरी पोचाल. फक्त मध्ये हैदराबाद आडवं येतं, आणि सगळी भानगड तेवढ्या तुकड्यात आहे. आपण सोलापूरकर शहराच्या पश्चिमेला पोचतो, पटनचेरू, मियापूर, लिंगमपल्लीकडं. विमानानं येणारा दक्षिणेला उतरतो, शमशाबादला. आणि पार्क, म्हणजे रामोजी, पूर्वेला. कुठूनही या, शहर ओलांडायचंच आहे. गाडी निवडणं म्हणजे हे ओलांडणं कशानं करायचं ते ठरवणं. सोलापूर ते हैदराबाद हे तीनशे-दहा किलोमीटर त्यामानानं सोपे.

पहिली फेरी, म्हणजे कसं जाऊ नये

दिवाळीची सुट्टी होती. अकरा जण: अत्तम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांची बहीण, दोन जावा, दीर, पोरं. रात्रीच्या खासगी बसचं तिकीट काढलं. तिकिटावर "हैदराबाद" लिहिलेलं, आम्ही निवांत. पहाटे साडेचारला क्लीनरनं "हैदराबाद, हैदराबाद" करत उठवलं आणि पटनचेरूला उतरवलं. तिथून शहराचा मध्य तीसेक किलोमीटर आणि रामोजी त्याच्याही पुढं. अंधारात अकरा माणसं, सात बॅगा आणि कडक भाकरीचं एक गाठोडं घेऊन आम्ही महामार्गाच्या कडेला. चूक आमचीच होती, उतरायचं ठिकाण कुणी वाचलंच नव्हतं. बसचं तिकीट काढताना भाडं नंतर बघा, आधी "ड्रॉपिंग पॉइंट" बघा. मियापूर, कुकटपल्ली, अमीरपेट, लकडी का पूल, यातलं काहीतरी लिहिलेलं हवं. का ते पुढं सांगते.

जाताना तरी तीन कॅब करून वेळेत पोचलो. सकाळी शहरातून बाहेर जायला कॅबवाले तयार असतात, दिवस त्यांच्यापुढं मोकळा असतो. खरा खेळ संध्याकाळी झाला. पार्क साडेपाचला बंद होतो. आत खासगी गाडी जात नाही. गेटवर तिकीट दाखवायचं, मग त्यांच्याच बसनं आत जायचं, आणि बाहेर येतानाही त्यांच्याच बसनं. दीड हजार एकरांपेक्षा मोठी जागा आहे, जगातली सगळ्यात मोठी फिल्मसिटी म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे, त्यामुळं गेट ते मुख्य भाग हे चालायचं अंतर नव्हेच. आणि सगळे सुटतात ते एकदमच. बसची रांग, मग गेट, आणि गेटबाहेर शेकडो माणसं मोबाइल वर धरून कॅब शोधतायत. आम्हाला दोन कॅबवाल्यांनी होकार दिला आणि दोघांनीही रद्द केलं. तिसऱ्यानं फोन करून आधी "कहां जाना?" विचारलं आणि नामपल्ली, म्हणजे हैदराबाद स्टेशन, ऐकून फोनच ठेवला. अत्तम्मा कठड्यावर बसून राहिल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. शेवटी शेअर ऑटोनं हयातनगर, तिथून सिटी बस. स्टेशनात पोचलो तेव्हा आमची गाडी गेलेली. रात्र वेटिंग रूममध्ये काढली.

त्या रात्री बाकावर बसून मी जो हिशेब मांडला तोच आजवर वापरते.

उलटा हिशेब

परतीच्या गाडीची वेळ लिहा आणि मागं मोजत या. साडेपाचला पार्क बंद. रांगेत उभं राहून गेटबाहेर यायला सहा-साडेसहा. गेटपासून मेट्रोचं एल. बी. नगर स्टेशन वीस किलोमीटरच्या आसपास, पण संध्याकाळी हयातनगरच्या पट्ट्यात वाहनं खेटून असतात, तेव्हा साडेसात धरा. एल. बी. नगरहून मेट्रोनं नामपल्ली, चढणं-उतरणं धरून सव्वाआठ. म्हातारं माणूस, झोपलेलं पोर आणि बॅगा असतील तर आणखी अर्धा तास. म्हणजे रात्री साडेनऊच्या आतली रेल्वे त्या दिवशी घेऊच नका. साडेनऊनंतरची असेल तर घ्या. नसेल तर रात्रीची बस बघा, नाहीतर सरळ एक मुक्काम धरा.

दुपारची गाडी तर विसराच. पुण्याची शताब्दी सिकंदराबादहून दुपारी पावणेतीनच्या सुमारास सुटते, बसायला छान, पण रामोजीच्या दिवशी तिचा काही उपयोग नाही. पार्कातून दुपारी बारालाच पोरांना ओढून बाहेर काढणार का? जाताना मात्र ती कामाची. सकाळी नऊच्या सुमारास सोलापुरात येते, दुपारी अडीचच्या आसपास सिकंदराबादला सोडते. त्या दिवशी मुक्काम, दुसऱ्या दिवशी पार्क. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी हेच सांगते.

रेल्वेचं तिकीट काढताना स्टेशनाचं नाव दोनदा वाचा. हैदराबाद म्हणजे नामपल्ली, सिकंदराबाद वेगळं, आणि २०२५च्या जानेवारीत चर्लापल्लीचं नवीन टर्मिनल सुरू झाल्यापासून काही गाड्या तिकडंही जातात. तीन स्टेशनं, तीन दिशा. आमच्या एका भाच्यानं नामपल्लीत उभं राहून सिकंदराबादच्या गाडीची वाट बघितली होती.

चौघं असाल तर मेट्रो

दुसऱ्या फेरीला मी, नवरा आणि दोन पोरं. खासगी बसचं तिकीट या वेळी मियापूरचं काढलं. का? कारण हैदराबाद मेट्रोची लाल लाइन मियापूरला सुरू होते आणि एल. बी. नगरला संपते. २९ किलोमीटर, २७ स्टेशनं, पश्चिमेच्या टोकावरून थेट पूर्वेच्या टोकावर. जे शहर ओलांडताना पहिल्यांदा दोन तास गेले ते आम्ही तासाभरात, एसीत बसून, तेही गाडी न बदलता ओलांडलं. सकाळी सहाच्या सुमारास मेट्रो सुरू होते, रात्रीची बस साधारण त्याच वेळेला मियापुरात टेकते. सोलापूरकरासाठी जणू मुद्दाम आखून दिलीय.

एसटीनं गेलात तर बस महात्मा गांधी बस स्टेशनला जाते, जुनी माणसं इमलीबन म्हणतात. तिथंही लाल लाइनचं स्टेशन आहे. रेल्वेनं नामपल्लीला उतरलात तरी तीच लाइन. लिंगमपल्लीला उतरलात तर मियापूरपर्यंत छोटी ऑटो करायची. म्हणजे या चारही ठिकाणांहून उत्तर एकच, लाल लाइन पकडा आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत बसा.

सिकंदराबादला उतरणाऱ्यांची जरा गंमत होते. स्टेशनाबाहेरची मेट्रो निळ्या लाइनची आहे. फलक बघून लोक अमीरपेटला जाऊन लाल लाइन पकडतात, म्हणजे पूर्वेला जायचं तर आधी पश्चिमेला. तसं करू नका. निळ्या लाइननंच उलट दिशेला, नागोलला, जा. ते शेवटचं स्टेशन. तिथून एल. बी. नगर ऑटोनं थोडक्यात येतं.

एल. बी. नगरहून पुढं विजयवाडा रोडनं सिटी बस, नाहीतर ऑटो. बसमध्ये चढताना "रामोजी गेट?" एवढंच विचारा, कारण लांब पल्ल्याच्या एक्सप्रेस गाड्या तिथं थांबतीलच असं नाही. चार माणसांत मी ऑटो करते, भाडं आधी ठरवून. बोलण्याची काळजी नको. हैदराबादची दख्खनी आपल्याला अर्धी येतेच. आपण सोलापूरकर "हौ" म्हणतो, तेही "हौ" म्हणतात. एकदा दोघांचं "हौ" जुळलं की भाव आपोआप खाली येतो. माझ्या तेलुगूला मात्र ते हसतात. आमची तेलुगू आजोबांच्या वेळची, विणकरीच्या मागासोबत आलेली, त्यात निम्मी मराठी घुसलेली.

मेट्रोचा एकच तोटा, सामान. जिन्यांना लिफ्ट आहेत, पण मोठ्या दोन बॅगा, दप्तरं आणि पोर कडेवर, हे सकाळी आठनंतरच्या गर्दीत जमत नाही. म्हणून सामान आधी टाका. दिलसुखनगर, एल. बी. नगर भागात लॉज मिळतात, रात्रीचा मुक्काम असेल तर तिथंच घ्या, स्टेशनजवळ नको. मुक्काम नसेल तर रेल्वेच्या क्लोकरूममध्ये ठेवा; त्यासाठी बॅगेला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. ज्या स्टेशनातून रात्री परत निघणार त्याच स्टेशनात ठेवा. ऐकायला पोरकट वाटतं, पण आमच्या जाऊबाईंनी एकदा सकाळी सिकंदराबादला सामान ठेवलं आणि परतीचं तिकीट नामपल्लीचं होतं.

जेवणाचंही इथंच सांगून टाकते, कारण त्याचा गाडीशी संबंध आहे. घरचा डबा आत नेता येत नाही. धपाटे, शेंगाचटणी जे काही बांधून न्याल ते गेटच्या आधी संपवा. आमचे धपाटे मेट्रोतून उतरल्यावर स्टेशनाखाली उभं राहून संपतात, मेट्रोच्या डब्यात खाऊ देत नाहीत.

आठच्या वर माणसं असतील तर

मग सोलापुरातूनच ट्रॅव्हलर करा. कॅबच्या तुकड्यांत माणसं वाटून घालायचा खेळ मी पुन्हा खेळणार नाही.

पण गाडी ठरवताना चार गोष्टी विचारा. पहिली, पाटी पिवळी आहे का आणि ऑल इंडिया परमिट आहे का. हा रस्ता तीन राज्यांतून जातो. नळदुर्ग, उमरगा आपलं, मग हुमनाबाद कर्नाटकात, मग जहीराबाद, संगारेड्डी तेलंगणात. कुणाच्या तरी ओळखीची पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी भाड्यानं स्वस्त मिळते, आणि अडवली की रस्त्यातच दिवस जातो. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, ते वेगळंच.

दुसरी, हिशेब कसा. आपल्याकडं बहुतेक गाड्या किलोमीटरवर चालतात आणि दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरतात. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. आता मांडा: जाऊन-येऊन सातशेच्या थोडं पुढं पडतं. दोन दिवसांत उरकलंत तर किमान सहाशे, म्हणजे प्रत्यक्ष पळाली तेवढ्याचे पैसे. तीन दिवस लावलेत तर किमान नऊशे, म्हणजे न पळालेल्या दीडेकशे किलोमीटरचे पैसे तुम्ही भरताय. ते फुकट घालवू नका. तिसऱ्या दिवशी चारमिनार, सालारजंग म्युझियम त्याच किलोमीटरमध्ये बसतं. (शुक्रवारी सालारजंग बंद असतं, हे आम्हाला त्याच्या दारात कळलं.)

तिसरी गोष्ट ड्रायव्हरची झोप. "रात्री बाराला निघू, सकाळी पोचू, दिवसभर फिरू, संध्याकाळी निघून रात्री घरी" असं सांगणारे उत्साही भावजी प्रत्येक घरात असतात. तुम्ही पार्कात फिरत असताना ड्रायव्हर गाडीत उन्हात पडून झोपतो, ती काही झोप नव्हे. मग तोच माणूस रात्री उमरग्याच्या रस्त्यावर तुम्हा अकरा जणांना घेऊन परत येणार. मी या बेताला कायम नाही म्हणते. एक तर दोन ड्रायव्हर घ्या, नाहीतर त्यालाही मुक्काम द्या, आणि त्याच्या खोलीचे पैसे हिशेबात धरा.

चौथी, शहर ओलांडायचा रस्ता. शहरात शिरूच नका. पटनचेरूला आउटर रिंग रोड लागतो, लोक नुसतं ओआरआर म्हणतात. १५८ किलोमीटरचं पूर्ण वर्तुळ आहे. पटनचेरू एक्झिट ३, आणि आपल्याला उतरायचं एक्झिट ११, पेद्दा अंबरपेट. तिथून विजयवाडा रोडनं पाच-सहा किलोमीटरवर रामोजी. वर्तुळ म्हटल्यावर दोन्हीकडून जाता येतं. मी ड्रायव्हरला उत्तरेकडून, मेडचल-शामीरपेट-घटकेसरच्या अंगानं घ्यायला सांगते, कारण दक्षिणेच्या अंगाला गच्चीबावलीचे ऑफिसवाले आणि विमानतळाची वाहनं. टोल फास्टॅगवर, जेवढं अंतर पळाल तेवढा, उतरताना कापतो. ड्रायव्हरच्या फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते सोलापुरातच बघा. आणि रिंग रोडवर चढायच्या आधी पोरांना लघवीला नेऊन आणा, मध्ये उगीच थांबायची सोय नाही.

सात सीटची गाडी "सात जणांची" समजू नका. मागची सीट उघडी ठेवली की बॅगांना जागा उरत नाही. पाच माणसं आणि सामान, किंवा सात माणसं आणि पिशव्या, दोन्हीतलं एकच. टपावर कॅरिअर असेल तर विचारून घ्या, ताडपत्रीसकट.

विमानानं येणारे पाहुणे

तिसऱ्या फेरीचं कारण माझे धाकटे दीर. ते मस्कतला असतात. सुट्टीवर येताना हैदराबादला उतरायचं, बायको-पोरं तिथंच येऊन भेटणार, एक दिवस रामोजी, मग सगळे मिळून सोलापूर, असा बेत. सोलापुरातही आता होटगी रोडवरून विमान उडतं, ९ जून २०२५ला गोव्याचं पहिलं उडालं तेव्हा आमच्या गल्लीतली निम्मी पोरं बघायला गेली होती. पण आमच्या घरात हैदराबाद म्हणजे अजून रूळ नाहीतर रस्ता.

शमशाबादच्या विमानतळापासून रामोजी साधारण चाळीस किलोमीटर. रस्ता तोच ओआरआर, एक्झिट १६ वर चढायचं, ११ ला उतरायचं. शहराचा संबंधच येत नाही, तासाभरात गेटवर. म्हणून विमानवाल्यांनी शहरात येऊन आपल्याला भेटायचा अट्टाहास करू नये. भेटायचं ते गेटवर. आमच्या दिरांना हे पटवायला मला तीन फोन लागले. "वहिनी, मी नामपल्लीला येतो, सगळे बरोबर जाऊ." बरोबर कशाला? तुम्ही दक्षिणेकडून, आम्ही पश्चिमेकडून, मध्ये भेटायला शहरभर कशाला फिरायचं?

विमानतळावर मेट्रो नाही. तीन पर्याय उरतात. प्रीपेड टॅक्सी किंवा अ‍ॅपची कॅब, आधी बोलून ठेवलेली गाडी, आणि पुष्पक. पुष्पक म्हणजे तेलंगणाच्या सरकारी महामंडळाच्या एसी बस, विमानतळाहून शहराच्या वेगवेगळ्या भागांत जातात. एकटा माणूस आणि एक बॅग असेल तर एल. बी. नगरवरून जाणारी पुष्पक आहे का ते काउंटरला विचारा, तिथं उतरून पुढं ऑटो. पैसे सगळ्यात कमी लागतात. दोन मोठ्या बॅगा असतील तर मात्र कॅबच, तिथं कंजुषी नको.

आता पूर्ण दिवसाच्या गाडीचा हिशेब, कारण दीर तिथंच चूक करता करता वाचले. टॅक्सीवाले "आठ तास, ऐंशी किलोमीटर" असं पॅकेज सांगतात. ऐकायला पुरेसं वाटतं. विमानतळ ते रामोजी चाळीस, रामोजी ते नामपल्ली पस्तीस, झाले पंचाहत्तर, बसलं की ऐंशीत! किलोमीटर बसले, तास नाही बसले. सकाळी आठला गाडी घेतली, नऊला गेट, साडेसहाला बाहेर, आठला स्टेशन. बारा तास. आठच्या वरचा प्रत्येक तास ते वेगळा लावतात. त्यामुळं एक तर बारा तासांचंच पॅकेज ठरवा आणि बॅगा दिवसभर त्याच गाडीत राहू द्या, नाहीतर सकाळी फक्त सोडायला एक गाडी आणि संध्याकाळी आणायला दुसरी, आधी बोलून, ड्रायव्हरचा नंबर हातात घेऊन. दिवसभर उभ्या राहिलेल्या गाडीचे पैसे जास्त वाटतात, पण त्यात परतीची हमी असते. पाच-सहा जणांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला काही फार येत नाही. आम्ही बारा तासांचं घेतलं. संध्याकाळी साडेसहाला गेटबाहेर आलो, पार्किंगमध्ये गाडी उभी, ड्रायव्हर चहा पिऊन तयार. अत्तम्मांनी गाडीत बसताना माझ्याकडं बघून फक्त मान हलवली. एवढी पावती मला पुरे.

आखाताकडची विमानं पुष्कळदा पहाटे उतरतात, पार्क उघडतो नऊला. ते मधले चार-पाच तास विमानतळावरच बसून काढा, तोंड धुवा, नाश्ता करा. पहाटे चारला गेटवर जाऊन काही मिळत नाही.

पैसे सैल सोडायची तयारी असेल तर रामोजीच्या आतच तारा, सितारा अशी त्यांची हॉटेलं आहेत. तिथं राहिलात तर संध्याकाळच्या रांगेचा प्रश्नच मिटतो. तेलंगणा पर्यटनाचीही हैदराबादहून रामोजीची दिवसाची सहल असते, नेणं-आणणं त्यांचं. दोघंच म्हातारे नवरा-बायको असतील तर मी तेच सुचवते.

अर्ध्या तिकिटाचं

बायकांसाठी एक स्पष्ट सांगते, कारण यावरून बसमध्ये भांडणं होताना बघितली आहेत. आपल्या एसटीत महिलांना २०२३च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना फुकट आहे. पण ते राज्याच्या हद्दीपर्यंत. हैदराबादच्या एसटीत उमरग्याच्या पुढं हद्द संपली की पुढच्या अंतराचं पूर्ण भाडं लागतं, त्यामुळं तिकिटाचा आकडा अर्धा दिसला नाही म्हणून कंडक्टरवर ओरडू नका. तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून बायकांना साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये फुकट आहे, पण तिथं राहणाऱ्यांना. आधार कार्डावरचा पत्ता बघतात. माझ्या आत्यानं एल. बी. नगरच्या बसमध्ये अस्सल तेलुगूत कंडक्टरबाईशी गप्पा मारल्या, त्या बाईनं "झिरो तिकीट" फाडायला घेतलं, आणि मग आधार बघितलं. पत्ता जोडभावी पेठ, सोलापूर. दोघी हसल्या, आत्यानं पैसे काढले.

परत येताना रात्रीची बस असेल तर बसतानाच ड्रायव्हरला सांगून ठेवा की मार्केट यार्डाजवळ उतरायचंय, नाहीतर झोपेत पुढं जाल. पूर्व भागात राहणाऱ्यांना तिथून घर जवळ पडतं. फक्त डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली असते, रिक्षा आत येत नाही. थोडं चालत पुढं या, पोरं खांद्यावर टाका, आणि रिक्षावाल्याला भाडं आधीच विचारा. पहाटे तोही "दुप्पट" म्हणतो.